सोमवारी दुकान बंद

काकांचा फोन कायम प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली, वरून रबर. तेलाच्या बोटांनी फोन हाताळायचा तर दुसरा इलाज नाही. तरीही तो वाजला की काका आधी मांडीवरच्या फडक्याला हात पुसतात, दोन्ही बाजूंनी, आणि मग पिशवीवरूनच बटण दाबतात. तोवर पलीकडचा माणूस चारदा 'हॅलो' म्हणून दमलेला असतो.

"हां, उघडं हाय. या."

एवढंच बोलून फोन खाली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

बार्शीत काकांचा लाकडी घाणा आहे. आजोबांच्या वेळी एक घाणा आणि एक बैल होता, आता दोन घाणे आणि दोन मोटारी आहेत. करडई, शेंगदाणा, तीळ, जवस, थंडीत थोडं खोबरं. मी पुण्यात वेबसाइटींचंच काम करते. म्हणजे आम्ही चौदा जण मिळून एका बँकेच्या पानावरचं एक बटण कुठं ठेवायचं यावर तीन आठवडे बसतो. त्यामुळे चुलतभाऊ जेव्हा म्हणाला, "ताई, आपल्या दुकानाची वेबसाइट करून दे की," तेव्हा मला ते दोन रात्रींचं काम वाटलं. दोन रात्रींत केलंही.

काय देखणी झाली होती! उघडल्याबरोबर सूर्यफुलांचं शेत, त्यावर हळूहळू उमटणारी अक्षरं, 'शुद्धतेची परंपरा'. मग एकामागून एक सरकणारे पाच फोटो. खाली 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय', 'आमची उत्पादने'. 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, ही कबुली इथे देऊन टाकते. सूर्यफुलाचं तेल आमच्याकडे निघत नाही, कधीच निघालेलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. फोटो फुकट मिळाला आणि पिवळा होता.

काकांनी ती दुकानात बसून बघितली. जुन्या दगडी भिंतींच्या आत रेंज जेमतेम. पांढरं पान, पांढरं पान, मग अर्धं सूर्यफूल. ते म्हणाले, "चांगलं हाय." आमच्या घरात 'चांगलं हाय' याचे तीन अर्थ होतात आणि त्यांतला एकही चांगला नसतो.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, परंड्याकडचा एक शेतकरी करडईची दोन पोती मोटारसायकलला बांधून आला. मुलाने मोबाईलवर दुकान शोधून दिलं होतं. दुकानाला कुलूप. शेजारच्या टेलरने काकांना फोन लावला. काकांनी जेवण अर्धं टाकून दुकान उघडलं, सुट्टीच्या दिवशी घाणा लावला, त्याचं तेल काढून दिलं, पेंड पोत्यात भरून दिली आणि संध्याकाळी मला फोन केला.

"पोरी, तुझ्या त्या ह्याच्यात समदं लिहिलंय. सोमवारी बंद असतंय तेवढं सोडून."

मे महिन्यात चार दिवस बार्शीला गेले. लॅपटॉप नेला होता, पण उघडला नाही. वहिनीकडून मुलांची एक अर्धवट वही मागून घेतली आणि गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यावर बसले. येणारा प्रत्येक फोन आणि पायरीवर थांबून विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहायचा, पुन्हा आला तर पुढे रेघ मारायची. काकांनी दोनदा विचारलं, "काय करायलीस?" मग विचारायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीत नवीन ओळ पडेना, नुसत्या रेघा वाढत गेल्या. उघडं आहे का. आज करडईचा भाव काय. भाव लिटरचा का किलोचा. आमचे दाणे आणले तर काढून द्याल का, किती दाण्याला किती तेल पडतं, थांबावं लागतं का. पेंड आहे का. तेल गढूळ का दिसतंय. पुण्याला पाठवता का. आणि दुकान नेमकं कुठं आहे. सगळे मिळून जेमतेम दहा-बारा प्रश्न. 'आपले ध्येय काय' असं चार दिवसांत कुणीही विचारलं नाही.

या प्रश्नांना काका जी उत्तरं देत होते ती मी तशीच, त्यांच्या शब्दांत उतरवत गेले. लिटर-किलोचंच घ्या. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. गिऱ्हाईक दुकानातला किलोचा भाव ऐकतं, घरी जाऊन पाकिटावरच्या लिटरच्या भावाशी ताडून बघतं आणि म्हणतं घाणेवाला महाग. काका प्रत्येकाला सांगतात, "किलोत बगा, न्हायतर लिटरमध्ये बगा, पर दोन्हीकडं एकच माप धरा." वर ऊन लागलं की तेल फुगतं, म्हणजे तापलेल्या तेलाचं लिटर मापाला भरतं पण वजनाला कमी. मोठ्या कंपन्या पाकिटावर अमुक तापमानाला एक लिटर असं छापायच्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजनही लिहा. काकांना हा आदेश ठाऊक नव्हता. त्यांना तेल फुगतं हे ठाऊक होतं.

मग गाळ. घाण्याचं तेल कापडातून गाळून टाकीत निवळत ठेवतात, तरी बाटलीच्या तळाशी थोडा गाळ बसतोच. पाकिटातलं रिफाइंड तेल बघायची सवय झालेल्या डोळ्यांना ती भेसळ वाटते. याबद्दल मी आधी 'नैसर्गिक अवसादन' असं काहीतरी लिहिलं होतं. काकांचं उत्तर असं: "दोन दिवस बाटली हलवू नका. वरचं तेल फोडणीला, खालचं चटणीवर." ते जसंच्या तसं पानावर गेलं. शुद्धलेखनापुरता हात फिरवला, तोही हळू.

आता मजकूर आला म्हटल्यावर भावाने उत्साहाने दुकानाच्या जुन्या पत्रकाची फाइल दिली. तीन वर्षांपूर्वी छापखान्यातून करून घेतलेलं पत्रक, त्यात सगळ्या तेलांची माहिती मराठीत. मी ते उचलून वेबसाइटवर चिकटवलं तर पानभर रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि टक्क्यांच्या चिन्हांचा चिवडा. ज्यांनी डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिका करून घेतल्यात त्यांना हा चिवडा ओळखीचा असेल. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर रोमनच असतं, वरचा मुखवटा तेवढा देवनागरी. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षरक्रमांकांच्या पद्धतीत 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही फोनवर 'क'च राहतो, आणि मुख्य म्हणजे कुणी 'करडईचं तेल' शोधलं तर सापडतो.

भाऊ म्हणाला, मग पत्रकाचा फोटोच टाकू. पुष्कळ दुकानदार हेच करतात. माणसाला फोटोतली अक्षरं वाचता येतात. पण शोधणाऱ्या यंत्राच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून मजकूर वाचून घेतो, त्याच्या लेखी तर ते पान कोरंच. शिवाय भाव बदलला की पुन्हा छापखाना. मी वहिनीला सगळा मजकूर फोनवर बोलून टाइप करायला सांगितला. तिने एका दुपारी, शेंगा निवडता निवडता, केला. फोनने 'पेंड' हा शब्द तीनदा 'बेंड' असा ऐकला, एवढीच अडचण.

शब्दांवरून घरात थोडा वादही झाला. भावाला 'कोल्ड प्रेस्ड' हवं होतं, मला 'लाकडी घाणा'. वही उघडली. बार्शीतली माणसं 'घाण्याचं तेल' म्हणत होती, पुण्याहून फोन करणारे 'लाकडी घाण्याचं' म्हणत होते, करडईला कुणी करडी म्हणत होतं, आणि बरेच जण मराठीच शब्द रोमन अक्षरांत टाइप करून पोचले होते. मग वाक्यावाक्यांत जिथे जे शोभेल तिथे तो शब्द ठेवला. 'कोल्ड प्रेस्ड'लाही एक जागा मिळाली, भावाचं मन मोडायला नको म्हणून. शोधात वर यावं म्हणून पानाच्या तळाशी दोन-चार ढोबळ शब्द पन्नास वेळा लिहून ठेवायची एक जुनी युक्ती आहे. ती कुणी सुचवली तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

भाऊ आणखी एका गोष्टीसाठी हटून बसला होता. करडईचं तेल हृदयाला चांगलं, सांधेदुखीवर गुणकारी, आणि ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त'. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. ते मुक्त असल्याची जाहिरात करणं म्हणजे मिठात साखर नाही म्हणून सांगणं. आणि हृदयरोग बरा करण्याची भाषा केली तर १९५४ चा औषधे आणि जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा अजून जिवंत आहे. मी कायदा समजावत होते तेवढ्यात काका घाण्याजवळून म्हणाले, "आपुन तेल इकतो. औषध न्हाय." विषय संपला. त्या जागेवर आम्ही अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक टाकला.

वेबसाइटच्या पत्त्याची गोष्ट मात्र जरा लांबते. ही काही काकांची पहिली वेबसाइट नव्हे. सात-आठ वर्षांपूर्वी गावातल्याच एका मुलाने एक करून दिली होती. नाव छान होतं, दुकानाचंच. ते त्याने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने नोंदवलं. मग त्याला बाहेर नोकरी लागली, फोन बदलला, वर्षाचे पैसे भरायचे राहिले आणि नाव सुटलं. कुणीतरी ते उचललं. आज तिथे पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते. दुःख पुढे आहे. दुकानाच्या कापडी पिशव्यांवर अजून तोच पत्ता छापलेला आहे, कारण पाच हजार पिशव्या एकदम छापून घेतल्या होत्या. काकू गेली काही वर्षं दुपारी बसून त्या ओळीवर चिकटपट्टी लावतात.

हे मी काकांना समजावून सांगायला लागले, की मजकूर आपला, दुकान आपलं, पण नोंदणी दुसऱ्याची... त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हंजे जमीन कसली आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर."

यापेक्षा नेमकं मी चौदा जणांच्या बैठकीतही ऐकलेलं नाही. या वेळी नाव काकांच्या ईमेलवर, काकांच्या नावाने, काकांच्या खात्यातून पैसे भरून घेतलं. मुदत कधी संपते ती तारीख मी फोनमध्ये टाकली आणि काकूंनी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर पेनाने गोल केली. देवनागरीतला डॉट भारत पत्ता २०१४ पासून मिळतो आणि मला तोच हवा होता. पण वहीतली माणसं पत्ता रोमनमध्ये टाइप करत होती. डॉट इन घेतलं.

नकाशावरची खूण तर शेजारच्या बोळातल्या ब्यूटी पार्लरवर होती. काका पत्ता सांगायचे तो असा: "कुर्डुवाडीकडनं आलात तर भगवंताच्या देवळापाशी या, तिथनं कुणालाबी इचारा." कुणालाही विचारल्यावर माणूस बरोबर पोचायचा. नकाशाला विचारल्यावर पार्लरात. खूण सुधारायची तर दुकान आपलंच आहे हे गूगलला पटवावं लागतं, आणि त्यासाठी एक सलग व्हिडिओ लागतो: रस्ता, आजूबाजूची दुकानं, पाटी, आणि कुलूप उघडून आत जाणं.

काकांनी तो स्वतः काढायचा ठरवलं. पहिल्या खेपेला पाटीवर नेमका त्यांचा अंगठा आला, तो बाद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. चौकापासून चालत आले, टेलरला "बाजूला हो रं" म्हणाले, पाटी दाखवली. शटरपाशी आल्यावर फोन डाव्या हातात घेतला, उजव्याने कुलूप काढलं, शटर वर ढकललं. आणि मग, फोन चालूच, त्यांनी वाकून उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, चपला बाहेर काढल्या, आत गेले, घाण्याला उदबत्ती ओवाळली. त्या वेळात पडद्यावर आधी जमीन, मग कमान, मग उदबत्तीचा धूर आणि आढ्याला टांगलेला दिवा. मला वाटलं हाही बाद होणार. पास झाला. माझ्या मते दुकान कुणाचं आहे याबद्दल त्यानंतर कुणालाही शंका उरली नसती.

फोटोंचं काम सोपं निघालं. सूर्यफुलं गेली, सरकणारी पट्टी गेली. वहिनीने फोनवर काढलेले तीन फोटो ठेवले: रस्त्यावरून दिसणारी पाटी, घाण्यातून पडणारी धार आणि पाच लिटरचा डबा. प्रत्येक मूळ फोटो चार-पाच एमबीचा होता, तो शंभर केबीच्या आत आणला. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं म्हणणं असतं. माझी कसोटी म्हणजे दगडी भिंतीआड, टाकीशेजारी, काकांच्या पिशवीतल्या फोनवर ते उघडलं पाहिजे. उघडलं. सगळ्यात वर दुकानाचं नाव, त्याखाली 'सकाळी नऊ ते रात्री आठ, सोमवारी बंद', त्याखाली अंगठ्याला सहज सापडेल असं फोन लावायचं बटण. अंगठा तेलकट असला तरी.

मी हौसेने ऑनलाइन खरेदीची टोपलीही लावली होती, पैसे भरायच्या सोयीसकट. दोन महिन्यांत तीन मागण्या आल्या. तिसरी बाटली वाटेत फुटली आणि कुणाच्या तरी लग्नाच्या साड्यांच्या खोक्यावर सांडली. टोपली काढून टाकली. आता तिथे एक ओळ आहे, 'पुण्या-मुंबईला पाच लिटरचा पत्र्याचा डबाच पाठवतो, बाटली पाठवत नाही', आणि व्हॉट्सअॅपचं बटण. लोक त्यावर बोलतात, यूपीआयने पैसे पाठवतात, डबा जातो. एवढ्याशा धंद्याला एवढं पुरतं. ज्याची रोज शंभर पार्सलं जातात त्याचं गणित वेगळं.

राहिला भाव. भाव लिहायचाच नाही असं भावाचं मत, समोरचे बघतील म्हणून. समोरचे रोज दुकानावरून जाताना फळा वाचतात हे मी त्याला दाखवलं. खरी अडचण वेगळी होती. नवी करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये अडतीवर येते तेव्हा भाव हलतो, दाण्याचा तर केव्हाही हलतो. शेवटी अशी सोय केली: काका सकाळी फळ्यावर खडूने भाव लिहितात, वहिनी तेच आकडे फोनवरच्या एका तक्त्यात भरते, आणि वेबसाइटवर ते तारखेसकट उमटतात. तारीख महत्त्वाची. तारखेशिवाय भाव म्हणजे कुणीतरी, कधीतरी म्हणालं होतं.

आषाढात एकदा वहिनी माहेरी गेली आणि तक्ता चार दिवस तसाच राहिला. भाव वर गेला होता. सोलापूरहून आलेल्या एका बाईंनी फोन पुढे केला: इथे तर हे लिहिलंय. भाऊ तारीख दाखवायला लागला, की ताई, हा शुक्रवारचा भाव आहे. काकांनी त्याला थांबवलं. पाच-पाच लिटरचे दोन डबे शुक्रवारच्या भावाने दिले. बाई गेल्यावर म्हणाले, "लिवलंय ना आपण? मग द्यायचं." आणि थोड्या वेळाने, फळा पुसत असताना, भावाला: "ह्यो पुसला की त्यो बी पुसत जा."

मला अधूनमधून कुणी विचारतं, किती लोक येतात वेबसाइटवर? मी तो आकडा बघणं सोडलंय. वही मात्र अजून गल्ल्यात आहे आणि गेले की मी एक दिवस रेघा मारते. 'उघडं आहे का' कमी झालं. आता फोन येतात ते असे: चाळीस किलो दाणे आणायचेत, गुरुवारी घाणा मोकळा आहे का?

गेल्या भाद्रपदात करमाळ्याच्या आत्या गेल्या, काकांच्या थोरल्या बहीण. रविवारी रात्री कळलं. पहाटे सगळे जीपने निघाले. सहा वाजता माझा फोन वाजला. मागे इंजिनाचा आवाज, काकूंचं मुसमुसणं. मला वाटलं काका अंत्यविधीची वेळ सांगताहेत.

"पोरी, दुकान तीन दिवस बंद हाय म्हणून टाक तिथं. आज सोमवारच हाय, पर उद्या कुणीतरी लांबनं येईल."

मी अंथरुणातच लिहिलं: 'दुकान सोमवार ते बुधवार बंद राहील. गुरुवारी सकाळी नऊला उघडेल.' मग वर 'घरातील दुःखद घटनेमुळे' असं जोडलं, मग ते पुसलं, धंद्याच्या पानावर कशाला म्हणून. काकांना वाचून दाखवलं.

"कारण लिव की. बंद का हाय ते नगं का सांगाया?"

'थोरल्या बहीण गेल्या' असं लिहिलं. तीन दिवस दुकानाच्या नावाखाली, वेळेच्या जागी, तेवढ्याच दोन ओळी होत्या.

गुरुवारी पावणेनऊला काका दुकानापाशी आले तेव्हा पायरीवर परंड्याचा तो शेतकरी बसलेला होता. या वेळी एकच पोतं. तो उठला, काकांच्या खांद्याला हात लावला, काही बोलला नाही. काकांनी कुलूप काढलं. त्याने खाली वाकून शटरला हात दिला.